चौकट दिसू द्यायची नाही

नोव्हेंबर २०१८. लंडनमधल्या एका हॉटेलात एक अमेरिकी उद्योजक कामानिमित्त उतरला होता. ब्रिटिश संसदेचा सार्जंट-ॲट-आर्म्स, म्हणजे सभागृहाची शिस्त आणि आदेश सांभाळणारा अधिकारी, थेट त्या हॉटेलवर जाऊन धडकला. निरोप एवढाच होता, की ही शेवटची ताकीद आहे, दोन तासांत कागदपत्रं द्या. मुदत टळली आणि त्या उद्योजकाला संसदेत नेण्यात आलं. दंड होईल, तुरुंगातही जावं लागेल, असं तिथे त्याला ऐकवलं गेलं. पुढे कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात त्याने सांगितलं, की आपण पार घाबरून गेलो होतो. खिशातला पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला, ड्रॉपबॉक्स उघडलं, नावावरून कामाच्या वाटल्या त्या फायली न उघडताच पेनड्राइव्हवर घेतल्या आणि देऊन मोकळे झालो.

या फायलींमध्ये फेसबुकच्या वरिष्ठांचे आपापसातले ईमेल होते. कॅलिफोर्नियातल्या न्यायालयाने ते सीलबंद ठेवायचा आदेश दिलेला होता. ब्रिटिश संसदेच्या डिजिटल-संस्कृती समितीचे अध्यक्ष डेमियन कॉलिन्स यांनी तो आदेश आपल्याला लागू होत नाही असं मानलं आणि ५ डिसेंबर २०१८ला त्यातली सुमारे अडीचशे पानं जगासाठी खुली केली. संसदेने एका परदेशी माणसाला असं कोंडीत पकडावं का, यावर तेव्हा बराच वाद झाला. कॅलिफोर्नियाच्या न्यायाधीशांनी त्या उद्योजकाची चांगलीच खरडपट्टी काढली. रीत धसमुसळी होती हे मलाही मान्य आहे. पण ती पानं वाचल्यावर, ती कायमची कुलपात राहिली असती तर काय गमावलं असतं, हे कळतं.

या उद्योजकाची कंपनी कोण होती, तेही सांगायला हवं. सिक्स-फोर-थ्री नावाची ही छोटी कंपनी ‘पिकिनीज’ नावाचं ॲप चालवत असे. फेसबुकवरच्या मित्रमैत्रिणींचे पोहण्याच्या पोशाखातले फोटो शोधून काढणं हा त्या ॲपचा उद्योग. फेसबुकने २०१५मध्ये मित्रांच्या माहितीचा दरवाजा बाहेरच्या ॲपसाठी बंद केला, ॲप मेलं आणि कंपनी कोर्टात गेली. म्हणजे भांडण लागलं होतं ते लोकांच्या फोटोंपर्यंत कोण पोचणार यावरून. ज्यांचे फोटो होते, त्यांना या दोन्ही बाजूंपैकी कुणीही काही विचारलेलं नव्हतं. आपल्याला आज जे कळलं आहे, ते दोन व्यापाऱ्यांच्या भांडणातून सांडलेलं आहे.

त्या अडीचशे पानांतला एक ईमेल ४ फेब्रुवारी २०१५चा आहे. फेसबुकमधला एक प्रॉडक्ट मॅनेजर सहकाऱ्यांना कळवतो, की ‘ग्रोथ’ म्हणजे वाढीचं काम पाहणारी टीम महिनाअखेरीस अँड्रॉइड ॲपचं नवं अपडेट आणते आहे. त्यात कॉल लॉग वाचायची परवानगी मागितली जाणार आहे. जनमानसातल्या प्रतिमेच्या दृष्टीने हे बरंच जोखमीचं आहे, पण ग्रोथ टीम ते रेटणार असं दिसतंय, असं तो लिहितो. पुढे तो आपली भीती चांगली रंगवून सांगतो. फोनवर उघडणाऱ्या त्या धडकी भरवणाऱ्या परवानगीच्या चौकटीचे लोक स्क्रीनशॉट काढतील, ते सगळीकडे फिरतील, एखादा चौकस पत्रकार मुळाशी जाईल आणि फेसबुक तुमच्या खासगी आयुष्यात डोकावतंय अशी बातमी छापेल.

ही भीती नीट पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते. कॉल लॉग वाचणं योग्य की अयोग्य, हा प्रश्न त्या पत्रात मुळी येतच नाही. धोका आहे तो चौकट दिसण्याचा.

मग गोपनीयतेचं काम पाहणाऱ्या एका अधिकाऱ्याचं उत्तर येतं. ग्रोथ टीम आता वेगळी वाट तपासून पाहते आहे, असं ते सांगतात. बाकीच्या परवानग्या तूर्त बाजूला ठेवायच्या आणि फक्त कॉल लॉगची परवानगी मागायची. प्राथमिक चाचणीवरून असं दिसतं, की एवढंच केलं तर वापरणाऱ्याला अँड्रॉइडची ती चौकट दाखवावीच लागणार नाही. माणूस अपडेटवर बोट ठेवेल आणि काम होऊन जाईल.

ज्यांचा तांत्रिक बाबींशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्या काळच्या अँड्रॉइडमध्ये परवानग्यांचे गठ्ठे असत. एखाद्या गठ्ठ्यातली एक परवानगी ॲपला आधी मिळालेली असली, की त्याच गठ्ठ्यातली दुसरी मिळवताना फोन पुन्हा विचारत नसे. ही मेख जाणणाऱ्याला नवी मागणी जुन्या होकारात गुंडाळून नेता येत होती. परवानगी वापराच्या वेळी मागायची पद्धत २०१५च्या अखेरीस, अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीपासून आली.

कॉल लॉग कशाला हवा होता? तुमच्या ओळखीचे लोक कोण, कुणाशी जवळीक जास्त, कुणाची पोस्ट तुम्हाला वर दाखवायची, हे हिशेब अधिक अचूक व्हावेत म्हणून. कॉल लॉगमध्ये बोललेला शब्द नसतो, हे खरं. पण रात्री अकरानंतर कुणाला फोन होतो, दर मंगळवारी कुठल्या दवाखान्यात होतो, गेल्या महिन्यापासून कुणाला होणं बंद झालं, हे सगळं त्यात असतं. शिवाय माझ्या कॉल लॉगमध्ये माझ्या मावशीचाही नंबर असतो. तिने फेसबुकचं खातं कधी उघडलेलंही नसेल. तिच्या वतीने होकार द्यायचा अधिकार मला कुणी दिला?

फेसबुकने यावर खुलासा केला. ही सोय ऐच्छिक होती, ॲप स्वतः लोकांना विचारत होतं, आणि तो ईमेल अँड्रॉइडच्या चौकटींशी आपल्या निर्णयाचा मेळ कसा बसेल याबद्दल होता, परवानगी टाळण्याबद्दल नव्हता, असं कंपनीचं म्हणणं. वाचकांनी दोन्ही बाजू तोलाव्यात. माझं मत मात्र त्या ईमेलच्या बाजूने आहे. बातमी फुटल्यावर लिहिलेल्या खुलाशापेक्षा, कुणी वाचणार नाही अशा समजुतीने लिहिलेल्या पत्रावर माझा विश्वास जास्त आहे.

दुसरा किस्सा याहून गंभीर आहे.

फेसबुकने २०१३मध्ये ओनावो नावाची इस्रायली कंपनी विकत घेतली. ‘ओनावो प्रोटेक्ट’ हे तिचं मोफत ॲप. इंटरनेटवर तुम्हाला सुरक्षित ठेवतो, तुमची माहिती जपतो, असं सांगून ते फोनवर बसायचं आणि फोनची सगळी वाहतूक स्वतःच्या वाटेने न्यायचं. ही वाट फेसबुकच्या मालकीची होती. त्यामुळे लोक कुठलं ॲप किती वेळ उघडतात, कुठलं वाढतंय, कुठलं मरतंय, याची खबर कंपनीला घरबसल्या मिळायची. कॉलिन्स यांनी खुल्या केलेल्या कागदांत ओनावोच्या आकड्यांवरून काढलेले आलेख आहेत, आणि त्यांत व्हॉट्सॲपची घोडदौड स्पष्ट दिसते. फेब्रुवारी २०१४मध्ये फेसबुकने व्हॉट्सॲप १९ अब्ज डॉलरला घेत असल्याचं जाहीर केलं. राखण करतो म्हणून बसवलेलं कुंपणच शेत खात होतं. ऑस्ट्रेलियाच्या संघीय न्यायालयाने या फसव्या जाहिरातीबद्दल जुलै २०२३मध्ये मेटाच्या, म्हणजे फेसबुकच्या मूळ कंपनीच्या, दोन उपकंपन्यांना मिळून २ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला.

पण ओनावोला एक अडचण होती. स्नॅपचॅटची वाहतूक सांकेतिक स्वरूपात बंदिस्त असल्याने आत काय चाललंय ते दिसत नव्हतं. जून २०१६मध्ये मार्क झुकरबर्ग यांनी सहकाऱ्यांना ईमेल केला. आशय असा, की स्नॅपचॅटबद्दल कुणी काही विचारलं की आपल्याकडे आकडे नाहीत असंच उत्तर मिळतं. ते इतक्या वेगाने वाढत असताना आकडे मिळवायचा नवा मार्ग शोधायला हवा. महिनाभरात ओनावोच्या टीमने मार्ग सुचवला. लोकांच्या फोनमध्ये असा एक संच बसवायचा, की स्नॅपचॅटची वाहतूक सांकेतिक कुलूप लागण्याआधीच वाचता येईल. स्नॅपचॅटच्या बोधचिन्हात भूत आहे म्हणून या प्रकल्पाचं नाव ठेवलं ‘घोस्टबस्टर्स’. पुढे हेच तंत्र यूट्यूब आणि ॲमेझॉनसाठीही वापरलं गेलं, असं न्यायालयातली कागदपत्रं सांगतात.

या प्रकल्पाला कंपनीच्या आतून विरोध झाला. सुरक्षा-अभियांत्रिकीच्या तेव्हाच्या प्रमुखाने लेखी कळवलं, की हे योग्य कसं याचं एकही चांगलं कारण मला सुचत नाही. सुरक्षेचं काम करणाऱ्या कुणालाही हे पटणार नाही, मग सर्वसामान्य लोकांकडून आपण कितीही संमती घेतलेली असो. कारण हे सगळं कसं चालतं ते लोकांना ठाऊकच नसतं.

गेली काही वर्षं पाळतीच्या धंद्याबद्दल मी जे काही वाचलं, त्यात याहून स्वच्छ वाक्य मला सापडलेलं नाही. कंपन्यांचा सगळा बचाव संमतीवर उभा असतो. लोकांनी वाचलं, लोकांनी ‘मान्य’ म्हटलं, मग तक्रार कसली? आणि त्यांच्याच घरातला, त्या यंत्राचा कोपरान् कोपरा ठाऊक असलेला माणूस सांगतो की या संमतीला अर्थ नाही. तरीही प्रकल्प चालला. ही कागदपत्रं मार्च २०२४मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका खटल्यात खुली झाली. फिर्यादींचे आरोप निराधार आहेत आणि यात नवीन काही नाही, असं मेटाचं म्हणणं आहे.

नवीन नाही, हे एका अर्थाने खरंच. ॲपलने ऑगस्ट २०१८मध्ये ओनावो प्रोटेक्ट आपल्या दुकानातून काढायला लावलं होतं. तेव्हा ‘फेसबुक रिसर्च’ नावाचं ॲप मागच्या दाराने चालूच होतं. ‘टेकक्रंच’ने २९ जानेवारी २०१९ला ही बातमी फोडली. १३ ते ३५ वयाच्या लोकांना महिन्याला २० डॉलरपर्यंत द्यायचे आणि बदल्यात फोनमधली जवळपास सगळी वाहतूक पाहायची मुभा घ्यायची. हे ॲप आयफोनवर चढवण्यासाठी कंपनीने ॲपलचा असा परवाना वापरला, जो फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांपुरती ॲप वाटायला दिलेला असतो.

दुसऱ्या दिवशी ॲपलने तो परवानाच रद्द केला. फेसबुकच्या कार्यालयात एकच गोंधळ उडाला. कर्मचाऱ्यांच्या आयफोनवरची कंपनीची अंतर्गत ॲप धडाधड बंद पडली. तयार होत असलेल्या आवृत्त्या उघडेनात, ऑफिसच्या वाहनांची माहिती देणारं ॲपही चालेना. एका दिवसात परवाना परत मिळाला आणि गाडी रुळावर आली. तेरा वर्षांच्या मुलाचे खासगी निरोप वाचायची सोय महिनोन्‌महिने चालू होती, तेव्हा जगात कुठेही अशी तातडी दिसली नव्हती. दोन कंपन्यांमधला करार मोडला, तेव्हा मात्र चोवीस तासांत कारवाई झाली.

आता आपल्या घरापर्यंत येणारी गोष्ट. ‘फेसबुक रिसर्च’ वापरणाऱ्यांत किशोरवयीन मुलं पाच टक्क्यांहून कमी होती, असं फेसबुकने आधी सांगितलं. नंतर तोच आकडा १८ टक्के झाला. जून २०१९मध्ये एक पत्र उजेडात आलं. अमेरिकी सिनेटर रिचर्ड ब्लूमेंथल यांच्या कार्यालयाला फेसबुकने लिहिलेल्या त्या पत्रात ॲपचा एकूण हिशेब होता. माहिती गोळा झाली सुमारे १ लाख ८७ हजार लोकांची. त्यात अमेरिकेतले ३१ हजार, आणि त्यांतली ४,३०० किशोरवयीन. बाकीचे सगळे भारतातले.

म्हणजे दीड लाखाहून जास्त भारतीय. त्यांत किती नाशिकचे, किती नांदेडचे, कुणास ठाऊक. तिकडे ३१ हजारांसाठी सिनेटर पत्रं लिहीत होते, खुलासे मागत होते. आपला आकडा आपल्याला समजला तोही त्यांना आलेल्या उत्तरातून. हे वाचलं तेव्हा मला फार राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

गुगलचा किस्सा थोडक्यात सांगतो. लोकेशनची नोंद बंद केली तरी गुगलच्या काही सेवा ठावठिकाणा साठवत राहतात, अशी बातमी १३ ऑगस्ट २०१८ला एपी या वृत्तसंस्थेने दिली. त्याच दिवशी कंपनीत घाईघाईने बैठक झाली. पुढे ॲरिझोना राज्याने भरलेल्या खटल्यात कर्मचाऱ्यांच्या आपसातल्या गप्पा बाहेर आल्या. एकजण म्हणतो, लोकेशन बंद म्हणजे बंद. हे सोडून आणि ते सोडून असं नसावं. दुसऱ्याला वाटतं, ही रचना अशी केलेली दिसते की गोष्ट करता येते खरी, पण इतकी अवघड की लोकांना ती सापडू नये.

त्या खटल्यातला सगळ्यात बोलका भाग निराळाच आहे. राज्याच्या महाधिवक्त्यांनी दाखल केलेल्या कागदांनुसार, अँड्रॉइडच्या एका आवृत्तीत लोकेशनचं बटण चटकन सापडेल असं ठेवून पाहिलं गेलं. लोकांनी ते भराभर बंद केलं. कंपनीच्या लेखी ही ‘समस्या’ ठरली. मग बटण पुन्हा आतल्या पानांत ढकललं गेलं, आणि एलजीसारख्या फोन बनवणाऱ्या कंपन्यांनीही तसंच करावं म्हणून दबाव आणला गेला. आपल्या उत्पादनांचं चित्र चुकीचं रंगवलं जातंय, आणि खटल्यातली धोरणं जुनी आहेत, ती केव्हाच बदलली, असं गुगलने सांगितलं. ऑक्टोबर २०२२मध्ये ८ कोटी ५० लाख डॉलर भरून ॲरिझोनाशी तडजोड केली आणि पुढच्याच महिन्यात ४० राज्यांना मिळून ३९ कोटी १५ लाख डॉलर दिले.

‘लोकांना फुकट सेवा हवी असते, गोपनीयतेची पर्वा नसते’, असं अनेक व्यवसाय-परिषदांत छातीठोकपणे सांगितलं जातं. ते खरं असतं, तर बटण लपवायची गरजच नव्हती. विचारलं की लोक नाही म्हणतात, हे कंपन्यांनी स्वतः तपासून पाहिलं आहे. माणसासमोर प्रश्न येऊच न देणं, म्हणजे त्याचा निर्णय परस्पर घेऊन टाकणं. व्यवसायाच्या नीतीत याला जागा नाही, असं माझं ठाम मत आहे. मग नफा कितीही होवो.

आपल्याकडे हेच तंत्र किती खाली उतरलं, ते झटपट कर्ज देणाऱ्या ॲपनी दाखवलं. चार-पाच हजारांच्या कर्जासाठी फोनमधले सगळे नंबर घ्यायचे आणि हप्ता थकला की कर्जदाराच्या सासऱ्यापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना फोन करून त्याची अब्रू काढायची. मुंबई-पुण्यात याच्या पोलिसांत तक्रारी झाल्या, आणि देशात काहींनी जीव दिला. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२च्या मार्गदर्शक सूचनांत कर्जाच्या ॲपना संपर्क यादी, कॉल लॉग, फोटो-फायलींना हात लावायला मनाई केली. कॅमेरा किंवा लोकेशन हवं असेल तर ते ग्राहकाची ओळख पटवण्यापुरतं, एकदाच आणि स्पष्ट संमतीने, असं बंधन घातलं.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ला गोपनीयता हा मूलभूत हक्क ठरवला. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८च्या अहवालात इंटरनेटवरची संमतीची सध्याची पद्धत मोडकळीला आल्याचं नोंदवलं. त्यानंतर पाच वर्षांनी, २०२३मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले, आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं लागू व्हायला त्यांत १८ महिन्यांची मुदत दिली आहे. या कायद्याने सरकारला दिलेल्या सवलती मला अजिबात पटत नाहीत; तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. पण त्यातल्या तीन तरतुदी लक्षात ठेवाव्यात. संमती मोकळेपणाने, समजून आणि नेमक्या कामापुरती दिलेली असायला हवी. ती देणं जितकं सोपं, तितकंच मागे घेणंही सोपं असायला हवं. आणि संमतीची विनंती संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत, म्हणजे मराठीतही, वाचायचा पर्याय द्यायला हवा. ती मुदत संपली, की बँकेच्या, विम्याच्या, शाळेच्या ॲपकडे मराठी मजकूर हक्काने मागा.

शेवटचं सांगणं आहे ते हिंजवडी, खराडी, ऐरोलीतल्या आयटी कंपन्यांत काम करणाऱ्यांना. चौकट कधी उघडणार, बटण कुठल्या पानावर जाणार, होकार आधीच टिचकी मारून ठेवायचा का, हे तुमच्याच टीमच्या बैठकीत ठरतं. घोस्टबस्टर्सवरच्या त्या आक्षेपाने प्रकल्प थांबला नाही, पण तो लिहिलेला होता म्हणून काही वर्षांनी न्यायालयात वाचला गेला. जेवणाच्या सुट्टीत सहकाऱ्याजवळ बोललेल्या आक्षेपाची नोंद कुठेच राहत नाही. तेव्हा असा प्रस्ताव तुमच्यापुढे आला, तर आक्षेप ईमेलने कळवा, आणि वापरणाऱ्यापासून नेमकं काय लपवलं जाणार आहे ते त्यात स्पष्ट शब्दांत लिहा.